टळू शकलं असतं ते दुःख



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत त्या बाबूराव पेंटरांचं नाव निघालं की कोल्हापुरात दोन-तीन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. स्वतःच्या हाताने जुळवलेला कॅमेरा, १९२०च्या ‘सैरंध्री’तला तो कीचकवध, जो इतका खरा वाटला की त्याला कात्री लागली, आणि लोकमान्यांनी दिलेली ‘सिनेमा केसरी’ ही पदवी. कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला स्तंभही उभा आहे. चौथी गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात मागे पडते. ‘सिंहगड’सारख्या गर्दी खेचणाऱ्या चित्रपटानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १९२५ साली, याच माणसाने असा एक चित्रपट काढला की लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. तो ‘सावकारी पाश’. मला आज बोलायचं आहे ते या पाठ फिरवण्याबद्दल. सर्वांत उदास करणारा सिनेमा कोणता, असा विषय गप्पांत निघाला की लोक मरणं मोजायला लागतात. किती माणसं गेली, कशी गेली, शेवटी मूल वाचलं का. ही मोजणी भलत्याच ठिकाणी चालते असं माझं म्हणणं आहे. मरणाने माणूस रडतो आणि रडून मोकळा होतो. पण एखादं दुःख टळू शकलं असतं, ते टाळणं कुणाच्या तरी हातात होतं, आणि तरीही ते टळलं नाही, हे जो सिनेमा आपल्या डोळ्यांदेखत घडवतो, तो थिएटरबाहेर आल्यावरही पाठ सोडत नाही.

‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरि आपट्यांची. ‘सिंहगड’ला आधार असलेली कादंबरी हरि नारायण आपट्यांची होती, दोघांची गफलत आपल्याकडे आजही होते, म्हणून हा खुलासा. गोष्ट चार ओळींत सांगता येईल इतकी साधी. एक तरुण शेतकरी आहे, ती भूमिका बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतल्याच शांताराम वणकुद्रे या मुलाने, म्हणजे पुढच्या व्ही. शांतारामांनी केली. सावकार कागदावर त्याला फसवतो, जमीन जाते, आणि शेतकरी मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतो. ना राक्षस, ना देवाचा धावा, ना तलवार. शंभर वर्षांपूर्वीच्या पडद्यावर पुराणातले चमत्कार आणि इतिहासातल्या लढाया चालत होत्या, तिथे बाबूरावांनी एक कागद आणला. मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाही. पण बाबूरावांना हा विषय सुटला नव्हता. १९३६ साली शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी तोच पुन्हा बोलपट म्हणून केला. पुढे स्वतः मोठे निर्माते झालेल्या जे. बी. एच. वाडियांनी या बोलपटाची एक आठवण नोंदवून ठेवली आहे. मूकपट त्यांना अंधुक आठवत होता. बोलपटातलं मात्र एक दृश्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही: दुरून दिसणारी एक भकास झोपडी, जेमतेम उजेड, आणि एका कुत्र्याचं रडणं. बोलपट नवा होता, माणसं पडद्यावर भडाभडा बोलत आणि गात होती, अशा वेळी या चित्रकाराने आवाजाचा उपयोग केला तो कुत्र्याच्या रडण्यासाठी. त्या झोपडीत कोण मेलं हा प्रश्नच पडत नाही. तिथे राहणारं माणूस जिवंत आहे, आणि त्याचं आता काही खरं नाही, एवढं त्या आवाजातून कळतं.

या कथेमागे पन्नास वर्षांचा इतिहास होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि पुणे-नगर भागात पुढचे काही आठवडे हे लोण पसरत गेलं. त्या दंग्याची खूण अशी की जमावाला माणसं मारायची नव्हती, रोखे आणि वह्या जाळायच्या होत्या. आपल्याला कोण आणि कशाने बांधतं, हे अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला नेमकं ठाऊक होतं. त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कोल्हापूर संस्थान त्या कायद्याच्या हद्दीबाहेरचं, पण कर्जाचा कागद हद्द ओळखत नाही. आता हे शेजारी ठेवून पाहा. १८७५च्या शेतकऱ्याने कागद जाळला. १९२५च्या पडद्यावरचा शेतकरी गाव सोडून गिरणीच्या भोंग्याला बांधून घेतो. बाबूरावांना दंगा दाखवता आला असता. शेवटी सावकाराच्या वाड्याला आग लावली असती तर पुढच्या रांगांतून शिट्ट्या पडल्या असत्या, तिकिटंही खपली असती. त्यांनी ते केलं नाही. कायदा होऊन पंचेचाळीस वर्षं उलटल्यावरही हे चालू आहे, यातली उदासी त्या आगीत जळून गेली असती.

लोकांनी चित्रपट नाकारला याचं ठरीव उत्तर असं दिलं जातं की प्रेक्षकांना करमणूक हवी होती, दुःख नको होतं. हे उत्तर टिकत नाही. ‘सावकारी पाश’च्या आधी सहाच वर्षं, १९१९ साली, गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्यात सुखाचा शेवट औषधालाही नाही. सुधाकरचं दारूपायी वाटोळं होतं, सिंधू जात्यावर दळण दळून संसार ओढते, आणि शेवटी दोघांच्या प्रेतांवर पडदा पडतो. ते नाटक महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, बालगंधर्वांच्या सिंधूसाठी गावोगाव माणसं रडली आणि पुन्हा तिकीट काढून रडायला आली. म्हणजे ज्या पिढीने ‘सावकारी पाश’ला नाक मुरडलं तिला दुःखाचं वावडं नव्हतं. फरक कुठे होता? ‘एकच प्याला’त नाशाचं मूळ एका माणसाच्या हातातल्या पेल्यात आहे. प्रेक्षक मनात म्हणू शकतो की मी पीत नाही, किंवा उद्यापासून सोडेन. सिंधूसाठी डोळे पुसून तो हलका होऊन घरी जातो. ‘सावकारी पाश’ पाहून उठणाऱ्याने काय सोडायचं? कर्ज काढणं? ते त्याच्या हातात नव्हतं. आणि ज्याच्या हातात होतं तो बहुधा महागड्या खुर्चीवर बसून तोच चित्रपट पाहत होता.

या जागी शास्त्राची साक्ष काढल्याशिवाय मराठी व्याख्यान पुरं होत नाही, म्हणून थोडक्यात. शोक हा करुणाचा स्थायीभाव असं भरताने सांगितलं तेव्हापासून एकच कोडं सुटायचं राहिलं आहे: दुःखाचा आस्वाद सुखाचा कसा? न. चिं. केळकरांनी १९२१च्या बडोदे संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली, प्रेक्षक पात्राशी एकरूपही होतो आणि आपण प्रेक्षक आहोत याचं भानही राखतो, म्हणून दुःख त्याला भाजत नाही. यावर आपल्या समीक्षकांनी पुढे कित्येक वर्षं शाई खर्च केली, आणि ती वाया गेली असं मी म्हणणार नाही. पण हा सगळा विचार ज्या नाटकांवर उभा आहे त्यांत शोकाला कुठेतरी विसावा मिळतो. करुणाचा सर्वांत मोठा कवी भवभूती. त्यानेसुद्धा ‘उत्तररामचरिता’त सीतेला धरणीच्या पोटात जाऊ दिलं नाही, मूळ कथा फिरवून राम-सीतेची भेट घडवली. सीतेवरचा अन्याय टळू शकला असता हे भवभूतीला इतकं लख्ख दिसत होतं की ते तसंच ठेवून पडदा पाडायचा धीर त्याला झाला नसावा. त्याला दोष देण्याचं कारण नाही. मात्र आपली रसचर्चा अशा विसावलेल्या शोकाची आहे, आणि आजचा आपला विषय न विसावणाऱ्या शोकाचा आहे.

मराठी सिनेमातली उदाहरणं या कसोटीवर लावून पाहू. विजय कोंडके यांचा १९९१चा ‘माहेरची साडी’ घ्या. पोरीच्या वाट्याला त्यात इतका छळ येतो की दुसरा सिनेमा त्याच्या जवळपास फिरकत नाही. बाप तिला पांढऱ्या पायाची समजतो, सासू गांजते, अखेर ती मरते. बायका रुमाल आणि पदर ओले करून बाहेर पडल्या, आणि तरी कुणी त्याला उदास करणारा चित्रपट म्हणत नाही. कारण दुःखाचा हिशोब पडद्यावरच चुकता होतो. वाईट कोण ते कळतं, उशिरा का होईना बापाचे डोळे उघडतात. अत्र्यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ याहून फार वरच्या दर्जाचा. त्या गोष्टीतही कर्ज आहे, सावकाराचा माणूस आहे, जप्ती आहे. म्हणजे ‘सावकारी पाश’चं सगळं साहित्य तिथे हजर आहे. पण आईने जे भोगलं त्याला वारस मिळाला. मुलाने ते मनावर घेतलं आणि तो साने गुरुजी झाला. दुःख वाया गेलं नाही, या समाधानावर तो चित्रपट उभा आहे, आणि म्हणूनच शाळाशाळांतून तो मुलांना निर्धास्त दाखवता आला. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ तिसऱ्या तऱ्हेचा. परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागेल, आणि हे सगळं पोराला सांगायचं कुणी, या पेचात आजोबा आणि डॉक्टर सापडतात. कोवळ्या मुलाची दृष्टी जाते, याहून वाईट ते काय? पण यात दोषी कुणीच नाही. उलट जो तो आपलं काम जीव लावून करतो, आजोबा तर शस्त्रक्रियेआधी नातवाला जग दाखवायला दवाखान्यातून घेऊन जातात. त्या दुःखात माणसं एकमेकांच्या जवळ येतात. असा चित्रपट रडवतो, पण खचवत नाही.

आता खचवणारे. जगभर ज्या चित्रपटाचं नाव या संदर्भात पहिल्या झटक्यात घेतलं जातं तो इसाओ ताकाहातांचा १९८८चा जपानी अॅनिमेशनपट, ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’. दुसऱ्या महायुद्धाची अखेर, बॉम्बवर्षावात आई गमावलेला सेइता आणि त्याची चिमुरडी बहीण सेत्सुको. पहिल्याच दृश्यात सेइता रेल्वे स्टेशनवर उपासमारीने मरतो, म्हणजे शेवट आधीच सांगून टाकला आहे. मग माणूस दीड तास कशाने व्याकुळ होतो? बॉम्ब पडतात ते सुरुवातीला. त्यानंतर जे घडतं ते साध्यासुध्या माणसांच्या हातून घडतं. नात्यातली बाई त्यांच्या आईची रेशमी वस्त्रं देऊन तांदूळ आणते आणि मग मुलांना वाढताना हात आखडते. डॉक्टर सेत्सुकोला तपासतो, हिला सकस अन्न हवं म्हणतो, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावतो. ते अन्न आणायचं कुठून, असं सेइता ओरडून विचारतो. यांतलं कुणीही क्रूर नाही. ज्याला त्याला आपापलं पडलेलं आहे. युद्ध टाळणं या माणसांच्या हातात नव्हतं. या दोन पोरांचं मरण टाळणं होतं.

‘सावकारी पाश’ची सख्खी भावंडं मात्र इटलीत आणि बंगाली दिग्दर्शकाच्या हिंदीत सापडतात. डी सिकाच्या १९४८च्या ‘बायसिकल थीव्हज’मध्ये अंतोनियोला नोकरीसाठी सायकल हवी, ती गहाण पडलेली, म्हणून बायको घरातल्या चादरी गहाण टाकते. ती गठडी घेऊन दुकानातला माणूस फळ्यांवर चढतो, आणि कॅमेरा वर जाताना दिसतं की छतापर्यंत अशाच गठड्या रचलेल्या आहेत. एका घराची अडचण सांगताना सगळ्या शहराची सांगून झाली. १९५२च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट आपल्याकडे आला, बिमल रॉय भारावले, आणि पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ तयार झाला. जमीन सोडवायला कलकत्त्यात रिक्षा ओढणारा शंभू शेवटी गावी येतो तेव्हा त्याच्या रानावर कारखाना उठलेला असतो. कुंपणापाशी तो मूठभर माती उचलतो, तर चोर समजून पहारेकरी हटकतो आणि त्याला मूठ उघडावी लागते. चित्रपटाच्या इतिहासात ‘दो बिघा जमीन’ला मानाचं पान आहे, ते योग्यच. पण जमीन गेलेला शेतकरी शहराच्या चरकात जातो ही गोष्ट कोल्हापूरने त्याआधी अठ्ठावीस वर्षं पडद्यावर आणली होती, इटलीचं बोट न धरता, हे आपण तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

आपल्या काळातला सर्वांत खिन्न करणारा मराठी चित्रपट कोणता असं मला कुणी विचारलं तर मी चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४च्या ‘कोर्ट’चं नाव घेईन, आणि त्यात पडद्यावर एकही मरण नाही. नारायण कांबळे या म्हाताऱ्या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला. वीरा साथीदार यांनी हा शाहीर असा उभा केला आहे की हा माणूस नट आहे हे विसरायला होतं. खटला चालतो, म्हणजे तारखा पडतात. एका तारखेला मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. तिला जे विचारलं जातं तेवढंच ती सांगते, आवाज चढत नाही, डोळ्यांत पाणी नाही. गटारात उतरण्याआधी नवरा वास सहन व्हावा म्हणून प्यायचा. आत दगड टाकून पाहायचा. झुरळ बाहेर आलं तर खाली हवा आहे, उतरायला हरकत नाही. घाणीतल्या वायूने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. या साक्षीत सगळं आलं. शाहिराच्या गाण्याची मरणासाठी गरजच नव्हती. हातमोजे, मुखवटा, हवा तपासायचं साधं यंत्र यांतलं काहीही मिळालं असतं तर तो माणूस वाचला असता. आणि चित्रपट पुढे काय करतो? सरकारी वकीलबाईंना लोकलने घरी पाठवतो, स्वयंपाक करायला लावतो, कुटुंबाबरोबर नाटकाला नेतो. बाई चांगली आहे. न्यायाधीशही वाईट नाहीत. सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे एकेक करून मालवले जातात, आणि आपण अंधाऱ्या पडद्याकडे बघत बसतो. इथे संपेल असं वाटत असताना न्यायाधीश महाराज सहलीला गेलेले दिसतात. बाकावर डुलकी लागली आहे, पोरं कानाशी ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला चापट देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. कुणाचाही राग धरता येत नाही, हीच त्या चित्रपटाची शिक्षा आहे.

यावर एक सबळ आक्षेप निघतो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. दुःख टळू शकलं असतं हे खरं, पण ‘ते टाळणं कुणाच्या तरी हातात होतं’ ही अट सगळीकडे लागते का? राजा परांजपे यांचा १९५४चा ‘ऊन पाऊस’ पाहा. निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको म्हातारपणी मुलांकडे जातात आणि एक इकडे, एक तिकडे असे वाटले जातात. मुलं दुष्ट नाहीत. संसार आहेत, जागा अपुऱ्या आहेत. इथे बोट कुणाकडे दाखवायचं? मला वाटतं हाच दाखला माझं म्हणणं पक्कं करतो. एकाने थोडी अडचण सोसली असती तर म्हातारा-म्हातारी एका छपराखाली राहिली असती. हातात होतं ते फार थोडं होतं, आणि ते अनेकांच्या हातांत विखुरलेलं होतं. गुन्हा जितका लहान आणि जितका वाटला गेलेला, तितका प्रेक्षक त्यात जास्त सापडतो. खलनायक मोठा असला की आपण सुटतो.

दुसरा आक्षेप धंद्याचा. लोक थकून येतात, उसाच्या फडातून, फाउंड्रीतून, दुकानातून. पदरचे पैसे खर्चून खिन्न व्हायचं कशासाठी? याचं उत्तर तिकीटबारीनेच दिलं आहे. अनंत माने यांचा १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला, आणि त्याच्या पोटात एका बाईवरच्या अत्याचाराची कहाणी आहे. शांतारामबापूंच्या १९७२च्या ‘पिंजरा’त तर विलक्षण पेच आहे. तमाशाच्या फडात घसरलेला मास्तर गावाच्या लेखी मेलेला, पूजनीय; आणि फडात पडेल ते काम करणाऱ्या त्याच माणसावर त्या पूज्य गुरुजींच्या खुनाचा आळ येतो. आपणच गुरुजी आहोत एवढं सांगितलं तर सुटेल. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून तो सांगत नाही आणि स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जायला तयार होतो. याहून काळोखा शेवट कुणी लिहावा? तरी गर्दी लोटली. लावण्यांमुळे लोटली असं म्हणून हा विषय झटकता येतो, पण त्यातही अर्थ आहे. जगण्याची चव आधी भरपूर चाखायला दिली की मग काय हिरावलं गेलं ते प्रेक्षकाला कळतं.

नागराज मंजुळे यांना हे पक्कं कळलेलं आहे. २०१६चा ‘सैराट’ पहिला निम्मा वेळ नाचतो, विहिरीत उड्या मारतो, शेतातून पळतो. गाण्यांवर थिएटरात पैसे उधळणारे प्रेक्षक शेवटच्या दृश्यानंतर मुकाट बाहेर पडले. पण तो शेवट नुसत्या रक्तामुळे भिनत नाही. हैदराबादेत आर्ची आणि परश्या यांचा संसार लागलेला असतो. नोकरी आहे, मूल आहे, आईला फोन झाला आहे. म्हणजे सुटकेची वाट कल्पनेतली नव्हती, दोघं ती चालून पोहोचली होती. मग माहेरची माणसं आहेर घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा देते, आणि पुढचं सगळं आवाज काढून घेऊन दाखवलं आहे. हिंदीत याच चित्रपटाचा २०१८ साली ‘धडक’ झाला, त्यात नायिका वाचते आणि शेवटी आक्रोश करते. आक्रोश आला की आपल्या वाटचं रडणं तिने रडून टाकलं. मंजुळे यांनी रक्ताची पावलं उमटवत चालणारं मूल मागे ठेवलं, ज्याला काय झालं तेही उमगलेलं नाही. आता रडायचं तर आपणच. ‘फँड्री’त त्यांनी याहून कमी सामानात याहून जास्त साधलं होतं. डुक्कर हाती लागणार इतक्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, कैकाडी कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं, आणि डुक्कर निघून जातं. नंतर तेच डुक्कर काठीला उलटं बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं आणि सावित्रीबाईंचं चित्र दिसतं. ज्यांनी वाट दाखवली त्यांना भिंतीवर रंगवून गाव मोकळं झालं. त्या कुटुंबातल्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड कॅमेऱ्यावर येतो, म्हणजे आपल्यावर.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं गरिबीचं प्रदर्शन आहे, परदेशी महोत्सवांत मान मिळवायची युक्ती. नर्गिस यांनी १९८० साली राज्यसभेत सत्यजित राय यांच्याबद्दल याच अर्थाचं बोलून वाद ओढवून घेतला होता. राय यांच्या बाबतीत तो आरोप अन्यायाचा होता, पण आरोपात मुळीच तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. फाटकी साडी, भेगाळलेली जमीन, वाद्याचा एक लांबलचक सूर, एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले चित्रपट आपण पाहतोच. त्यांत दुःख असतं, पण ते कुठून आलं याचा पत्ता नसतो. दुष्काळ जणू आभाळातून पडलेला शाप. पारख करायची तर एवढंच विचारावं: कारण दाखवलं आहे का? सतीश मन्वर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलकाच्या मनात पाल चुकचुकते की आपला किस्ना तसं काही करणार तर नाही. ती पोराला त्याच्या पाळतीवर ठेवते, त्याचं मन रमावं म्हणून गोडधोड करते. प्रसंग असे रचले आहेत की हसू येतं, आणि हसताहसता लक्षात येतं की बियाणं, वीज, पाऊस, उसनवारी यांतल्या एकेका गोष्टीसाठी हे घर कसं तंगलं आहे. हे प्रदर्शन नव्हे. बाबूरावांच्या शेतकऱ्याचा हा नातू आहे, आणि मधल्या चौऱ्याऐंशी वर्षांत कर्जाचा कागद नुसता हात बदलत राहिला.

राहिला शेवटचा आक्षेप, तो मला सर्वांत जड वाटतो. अशा चित्रपटांनी माणूस हताश होतो आणि हताश माणूस काही करत नाही. त्यापेक्षा लढून जिंकणारा नायक बरा. ‘सावकारी पाश’ने सावकारी थांबली नाही, ‘कोर्ट’ने गटारात माणूस उतरायचा थांबला नाही, हे मान्यच करायला हवं. चित्रपटाकडून कायद्याचं काम मागू नये. पण जिंकणाऱ्या नायकानेही ते केलेलं नाही, आणि वर झालं असं वाटायला लावलं आहे. पडद्यावर सावकाराला चोप बसला की प्रेक्षकाचा राग तिथेच खर्ची पडतो. खिन्न करणारा चित्रपट तो राग शिल्लक ठेवतो. त्याचं पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. एक पथ्य मात्र पाळायला हवं. ज्याचं मन आधीच खचलेलं आहे त्याला ‘बघच’ म्हणून असे चित्रपट आग्रहाने दाखवू नयेत. करुणाचा आस्वाद घ्यायलाही थोडं बळ लागतं, आणि ते प्रत्येकाकडे प्रत्येक दिवशी असतंच असं नाही.

बाबूराव १६ जानेवारी १९५४ रोजी गेले. मूक ‘सावकारी पाश’ आपल्या हाती नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीत, शालिनी सिनेटोनमध्ये, प्रभातच्या इथल्या दिवसांत राबलेले सुतार, रंगारी, शिंपी, तालमीतले पैलवान याच पेठांतून आले होते. त्यांच्या घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत, देव्हाऱ्यामागे अजूनही एखादं छायाचित्र, जाहिरातीची पुस्तिका, पगाराची पावती पडून असू शकेल. कोल्हापूरकरांना माझी विनंती आहे की जुनं घर पाडण्याआधी माळा एकदा नीट पाहा, आणि त्या काळच्या सिनेमाचा कागदाचा कपटा जरी सापडला तरी तो रद्दीत न घालता पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे किंवा इथल्या फिल्म सोसायटीकडे नेऊन द्या.